शेक घ्यायला निघालेली माणसं

परतीच्या गाडीत मावशींच्या कपाळावर जाळी उमटलेली होती. रांगोळीचे ठिपके कागदाने छापावेत तसे बारीक गोल, ओळीने, भुवईपासून केसांपर्यंत. ठाण्याला गाडीत चढलो तेव्हा ते लालसर होते. मुंब्र्याचा डोंगर मागे पडला, कल्याणला निम्मा डबा रिकामा झाला, आणि अंबरनाथ येईपर्यंत ते इतके पुसट झाले की माहीत नसलेल्या माणसाला दिसलेही नसते. शेजारी बसलेली सून मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी धरून होती. आत एमआरआयच्या फिल्म होत्या आणि त्या वाकू नयेत म्हणून पुठ्ठा घातला होता.

मावशी बदलापूर पश्चिमेला राहतात. छातीच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो होऊन दोन वर्षं झाली. या उन्हाळ्यात डावा हात जड वाटू लागला, चहाचा कप दोनदा सुटला. तपासणीत मेंदूत एक गाठ निघाली. आता त्या पाच दिवसांचे किरणोपचार घेतात. स्वतः मात्र ‘रेडिएशन’ म्हणत नाहीत. ‘शेक’ म्हणतात. डब्यातले दुसरे एक काका ‘लाइट’ म्हणत होते. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली एक सिंधी बाई हिंदीत ‘सिकाई’ म्हणाली. यंत्र तेच, शब्द तीन घरचे.

हा डबा दिव्यांगांचा. मुंबईच्या लोकलमध्ये कर्करुग्णांनाही याच डब्यातून प्रवासाची मुभा आहे. या अंकासाठी संपादकांनी ‘अंतर’ हा विषय दिला तेव्हा मला हा डबाच आधी आठवला. मी अंबरनाथला राहतो. सकाळी फलाटावर उभं राहिलं की फिल्मची मोठी पाकिटं घेतलेली माणसं दिसतात. कुणी दादरला उतरून परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात, कुणी ठाण्याला गाडी बदलून खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेकला, कुणी ठाण्यातच उतरतात. मेंदूच्या गाठीवर किरणोपचार घेणारा माणूस त्याच दिवशी लोकलने घरी येऊन भात टाकू शकतो, ही गोष्ट जुनी नाही. त्यासाठी आधी डोक्यावरची धातूची चौकट उतरावी लागली.

चौकट कशासाठी होती

मेंदूच्या आत, खोलवर, एका बोराएवढ्या गाठीवर किरणांचा मोठा डोस द्यायचा आणि तिच्या शेजारच्या भागाला जवळपास काही होऊ द्यायचं नाही, ही कल्पना स्वीडनचे मेंदूशल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडली. सुरीऐवजी किरण वापरायचे, म्हणून तिला त्यांनी ‘स्टीरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी’ म्हटलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये त्यांचं ‘गॅमा नाइफ’ उभं राहिलं. पुढे जगभर पसरलेल्या यंत्रांत कोबाल्टचे सुमारे दोनशे स्रोत एका गोलार्धात बसवलेले असतात आणि सगळ्यांचे किरण एकाच बिंदूवर येऊन मिळतात. एकेक किरण वाटेतल्या मेंदूला फारसं काही करत नाही. सगळे जिथे एकत्र येतात तिथे मात्र डोस मोठा होतो. आपल्याकडे हे यंत्र १९९७ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात आलं आणि डॉ. बी. के. मिश्रा यांनी तिथे हे उपचार सुरू केले.

त्या पद्धतीत सकाळी रुग्णाच्या कपाळावर आणि डोक्याच्या मागच्या बाजूला भूल देऊन चार स्क्रू कवटीच्या हाडापर्यंत घट्ट करतात आणि त्यांवर धातूची चौकट बसवतात. ती घालूनच एमआरआय, ती घालूनच डॉक्टरांच्या आकडेमोडीची वाट पाहणं, ती घालूनच उपचार. संध्याकाळी चौकट निघते.

डोकं हलू नये म्हणून चौकट, असं आपल्याला वाटतं, आणि ते खरंही आहे. पण तिचं दुसरं काम त्याहून मोठं होतं. चौकट म्हणजे मोजपट्टी होती. रेल्वेत रुळाला तडा गेला तर गँगमन ‘अंबरनाथच्या जरा पुढे’ असं कळवत नाही, किलोमीटर आणि खांबाचा आकडा कळवतो. मेंदूला असे खांब नाहीत. आत सगळं मऊ, एकसारखं, बाहेरून काहीच न दिसणारं. चौकटीवरच्या खुणा एमआरआयमध्ये उमटत, आणि त्या खुणांपासून गाठ किती आडवी, किती उभी, किती खोल हे तीन आकड्यांत सांगता येई. म्हणून चौकट काढायची तर दोन प्रश्न सुटायला हवे होते. डोकं स्थिर कशानं ठेवायचं? आणि मोजायचं कशापासून?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं आणि वाट मोकळी झाली. कवटीपासूनच मोजायचं. हाड क्ष-किरणात स्वच्छ दिसतं, मेंदू त्या हाडाच्या पेटीत बसलेला असतो, आणि पेटी कुठे आहे हे कळलं की आतली गाठ कुठे आहे हेही कळतं. १९८५ मध्ये लेक्सेल यांच्याकडे शिकून गेलेले अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन अ‍ॅडलर यांनी हाच धागा धरला. उपचार चालू असताना क्ष-किरण चित्रं काढत राहायचं, ती आधीच्या सीटी स्कॅनशी संगणकाने ताडून पाहायची आणि डोकं हललं असेल तेवढा यंत्राचा नेम सुधारायचा. त्यांच्या ‘सायबरनाइफ’वर स्टॅनफर्डला १९९४ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. नंतर किरणोपचाराच्या नेहमीच्या लिनॅक यंत्रांनाही अशी चित्रं काढण्याची सोय जोडली गेली. २०१५ मध्ये तर गॅमा नाइफचंही चौकटीऐवजी मुखवट्यावर चालणारं रूप आलं.

राहिला पहिला प्रश्न, डोकं स्थिर ठेवण्याचा. त्याचं उत्तर पाहायला मी ठाणे जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या तळघरात गेलो.

मोल्ड रूम

रेडिएशन विभाग बहुतेक ठिकाणी तळघरात किंवा तळमजल्यावर असतो, कारण यंत्र जड असतं आणि भिंती त्याहून जड. तिथल्या एका लहान खोलीला सगळे ‘मोल्ड रूम’ म्हणतात. कोपऱ्यात उथळ टाकी, तिच्यात साधारण ७० अंश तापमानाचं पाणी. शेजारी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ताठ, भोकाभोकांच्या पत्र्यांची चळत. त्या पत्र्याचं विभागातलं नाव ‘ऑरफिट’. ते खरं तर एका कंपनीचं नाव आहे, पण झेरॉक्सचं झालं तसं त्याचंही झालं आहे.

त्या दिवशी टेबलावर उल्हासनगरचा एक तरुण होता, कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग करणारा. ऐकण्याच्या मज्जातंतूवर गाठ, उजव्या कानाने फोन ऐकू येईना म्हणून शोध लागलेली. तंत्रज्ञाने पत्रा पाण्यात सोडला. दोन-तीन मिनिटांत पांढरा रंग जाऊन तो काचेसारखा पारदर्शक आणि मांड्यासारखा लवचीक झाला. तो बाहेर काढून टॉवेलवर टिपला, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून त्या मुलाच्या चेहऱ्यावर ओढला. गरम लागेल, पोळणार नाही, डोळे मिटून घ्या, श्वास नेहमीसारखा चालू ठेवा, हे त्याला आधीच सांगून झालं होतं. कडा टेबलावरच्या पाटाला खट्‌खट्‌ बसल्या. मग दोघांची बोटं चालू लागली. नाकाच्या मुळाशी दाब, हनुवटीखाली दाब, भुवईच्या हाडावर दाब. ज्या जागी हाड कातडीच्या लगेच खाली आहे तिथे पत्रा नीट बसला पाहिजे, गालावर बसून उपयोग नाही, कारण गाल हलतो.

दहाएक मिनिटं कुणी फारसं बोललं नाही. पत्रा थंड होत पुन्हा पांढरा आणि कडक झाला. थंड होताना तो किंचित आकसतो, तेव्हा आतल्या माणसाला चेहरा कुणी मुठीत धरल्यासारखा वाटतो. बंद जागेची भीती असणाऱ्यांना हीच दहा मिनिटं जड जातात. त्या मुलाच्या हातात एक रबरी फुगा दिलेला होता, नको वाटलं तर दाबायचा. त्याने तो घट्ट धरला होता, दाबला नाही. मुखवटा निघाल्यावर तो उठून बसला, स्वतःच्याच चेहऱ्याची ती पांढरी जाळी हातात घेऊन आतून-बाहेरून बघू लागला, आणि म्हणाला, हा तर फर्मा झाला. जीन्सचं कापड ज्या पुठ्ठ्याच्या नमुन्यावर कापतात तो फर्मा. मला यापेक्षा नेमका शब्द सापडलेला नाही.

रेडिओसर्जरीचा मुखवटा साध्या मुखवट्याहून जाड असतो. काही ठिकाणी डोक्याच्या मागच्या बाजूचाही साचा घेतात, काही ठिकाणी दातांत धरायचा तुकडा जोडतात. मुखवट्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून तो फळीवर ठेवला जातो. फळीवर चेहऱ्यांची रांग असते आणि प्रत्येक चेहरा कुणाचा तरी असतो, हे पहिल्यांदा पाहताना अंगावर येतं.

मुखवटा बनला की चेहरा बदलता कामा नये, आणि तो बदलतो. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामिथासोन हे स्टिरॉइड देतात. त्याने भूक वाढते, तोंड सुजतं, आणि आठवड्याभरात मुखवटा आवळू लागतो. उलट, माणूस अन्न टाकून वाळला की मुखवटा सैल होतो. उपचारांच्या मधेच केस कापले, किंवा एरवी काढून ठेवायची कवळी एक दिवस तशीच राहिली, तरी फरक पडतो. तंत्रज्ञ रोज मुखवटा बसवताना हे बोटांनी ओळखतात. एका तंत्रज्ञ ताईंनी मला दाखवलं, कपाळ आणि जाळी यांच्यात बोटाचं टोक शिरलं की त्या थांबतात आणि डॉक्टरांना बोलावतात. ज्या उपचाराची ख्याती संगणकामुळे झाली, त्याचा पहिला पहारा अजून माणसाच्या बोटांवर आहे.

सकाळचा गोळा

रुग्ण यायच्या आधी विभागात एक काम होतं, ते कोणालाच दिसत नाही. मेडिकल फिजिसिस्ट टेबलावर एका दांडीच्या टोकाला एक लहानसा धातूचा गोळा बसवतो, छर्‍याएवढा. यंत्र त्याच्याभोवती वेगवेगळ्या कोनांतून फिरवून चित्रं काढतो. प्रत्येक चित्रात गोळ्याची सावली किरणांच्या झोताच्या बरोबर मधोमध पडली पाहिजे. बॉस्टनमध्ये १९८०च्या दशकात ही चाचणी बसवणाऱ्या दोघांच्या नावांवरून तिला ‘विन्स्टन-लुट्झ’ म्हणतात. फरक एका मिलिमीटरच्या आत असला तर दिवस सुरू. नसला तर यंत्र कितीही महाग असो, त्या दिवशी डोक्याचे उपचार थांबतात. फिजिसिस्ट मंडळींपैकी अनेक जण भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पदविकेतून तयार झालेले असतात. तो अभ्यासक्रम तुर्भ्याला १९६२ पासून चालतो. रुग्णाला डॉक्टरांचं नाव पाठ असतं, फिजिसिस्टचं ठाऊकही नसतं. या लेखात मला त्यांच्याबद्दल दोन ओळी जास्त लिहाव्याशा वाटल्या.

मुखवटा घालून रुग्णाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन होतो. त्यावर ताजा एमआरआय संगणकात तंतोतंत चढवतात, कारण हाड सीटीत नीट दिसतं आणि गाठ एमआरआयमध्ये. मग किरणोपचाराचे डॉक्टर प्रत्येक कापावर गाठीची कड आखतात. त्याचबरोबर ज्यांना वाचवायचं ते भागही आखतात, म्हणजे डोळ्यांच्या नसा, मेंदूचा देठ, आतला कान. गाठीच्या भोवती एक-दोन मिलिमीटरची मोकळीक सोडतात, मुखवट्यात डोकं केसभर सरकलंच तर म्हणून. कडा आखणं हे तासांचं काम आहे. एखाद्याची योजना तयार व्हायला आठवडा लागतो तेव्हा घरचे अस्वस्थ होतात, ‘नुसतं बसवून ठेवलंय’ म्हणतात. मीही पूर्वी तसंच समजत होतो. त्या आठवड्यात काय चालतं ते पाहिल्यावर माझं मत बदललं.

प्रत्यक्ष उपचार सोपे दिसतात. रुग्ण झोपतो, मुखवटा बसतो, सगळे बाहेर येतात, दार बंद, लाल दिवा. यंत्र आधी किरणांनी नेम धरत नाही, आधी फोटो काढतं. डोक्याभोवती एक फेरी मारून तिथल्या तिथे सीटीसारखं चित्र बनतं आणि ते योजनेच्या सीटीवर ताडलं जातं. पडद्यावर आकडे येतात, डावीकडे इतके दशांश मिलिमीटर, वर इतके, अर्धा अंश कलता. टेबल स्वतःच तेवढं सरकतं आणि कलतं. दोघांची नजर त्या जुळणीवरून फिरल्यावरच किरण सुरू होतात. चौकट ज्या गोष्टीची हमी चार स्क्रूंनी द्यायची, ती हमी आता या तपासणीतून येते, आणि ती दर दिवशी नव्याने करावी लागते.

रुग्णाला काहीच जाणवत नाही. ना उष्णता, ना चमक, म्हणून ‘शेक’ हा शब्द खरा तर फसवा आहे. यंत्र थांबलं की किरण संपले. अंगात काही उरत नाही, घरी नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नसते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण बदलापूरच्या एका घरात शेक घेणाऱ्या आजोबांचं ताट-वाटी वेगळं केलेलं मी पाहिलं.

एक दिवस, पाच दिवस, तीस दिवस

चौकट निघाल्याने सर्वांत मोठा बदल झाला तो वेदनेत नाही, वेळापत्रकात. डोक्याला स्क्रू लावून माणसाला एक दिवस ठेवता येतं. रोज तसं करता येत नाही. म्हणून जुन्या रेडिओसर्जरीला सगळा डोस एका बैठकीत द्यावा लागे, आणि तो लहान गाठींनाच झेपे, साधारण तीन सेंटिमीटरच्या आतल्या. गाठ मोठी असली, किंवा डोळ्याच्या नसेला टेकलेली असली, तर एकदम इतका डोस देणं धोक्याचं. मुखवटा मात्र पुन्हा पुन्हा घालता येतो. डोस तीन किंवा पाच दिवसांत वाटता आला, निरोगी पेशींना रात्री सावरायला सवड मिळाली, आणि एरवी नाकारल्या गेलेल्या गाठी उपचाराच्या टप्प्यात आल्या. मावशींची गाठ हात चालवणाऱ्या भागाजवळ आहे आणि आकाराने थोडी मोठी. त्यांना पाच दिवस मिळाले ते यामुळे.

सगळ्याच गाठी पाच दिवसांच्या नसतात. ग्लायोब्लास्टोमासारखी गाठ शेजारच्या मेंदूत मुळं पसरते, तिची कड अशी आखताच येत नाही. तिथे साधारण सहा आठवडे, तीस बैठका आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या हाच रस्ता असतो. मुखवटा तिथेही लागतो.

अचूक आखणीने नेमकं काय पदरात पडतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत भक्कम उत्तर परळचं आहे. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षं वयाच्या २०० रुग्णांचा अभ्यास केला. सगळ्यांच्या गाठी हळू वाढणाऱ्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोघांना डोस सारखाच, ५४ ग्रे, तीस बैठकांत. फरक एवढाच की एका गटाला नेहमीच्या पद्धतीने किरण दिले आणि दुसऱ्याला स्टीरिओटॅक्टिक पद्धतीने, गाठीच्या आकाराला घट्ट बेतून. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात आले. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पण पाच वर्षांनंतर नव्याने संप्रेरकं बिघडण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के होतं, तर बेतलेल्या पद्धतीत ३१ टक्के. बुद्धिमापनातही बेतलेल्या पद्धतीची मुलं पुढे राहिली. ज्या मुलाला पुढे साठ वर्षं जगायचंय, त्याची उंची वाढणं आणि त्याला पाढे आठवणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. तीस बैठकांचा हा उपचार कवटीत स्क्रू घालून शक्यच नव्हता.

गाठ कळेपर्यंत

हे सगळं यंत्रापाशी पोहोचल्यानंतरचं. त्याआधीचा रस्ता मला जास्त बोचला.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एकाला चाळिशीत पहिल्यांदा फिट आली. सहकाऱ्यांनी कांदा हुंगवला, चप्पल नाकाला लावली, हातात किल्ल्या दिल्या. शुद्ध आली तेव्हा सगळ्यांना उपाय लागू पडल्यासारखं वाटलं. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते, त्यामुळे कांद्याला श्रेय मिळतं आणि तपासणी राहून जाते. त्याला दुसरी फिट चार महिन्यांनी आली, मग एमआरआय झाला. मोठ्या वयात पहिल्यांदा फिट येणं, सकाळी उठताना डोकं दुखून उलटी होणं, एका बाजूचा हात किंवा पाय हळूहळू जड होणं, एकाच कानाने कमी ऐकू येणं, बाजूने येणारी रिक्षा न दिसणं, यांतलं काहीही असलं तर मेंदूचं चित्र काढायला हवं. अ‍ॅसिडिटी आणि मणक्याच्या नावाखाली महिनोन्महिने जातात.

पैशांची वाट आता पूर्वीपेक्षा बरी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि किरणोपचार तिच्यात येतात. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असा फलक असलेल्या टेबलावर शिधापत्रिका आणि आधार घेऊन जायचं. पण योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक उपचार नसतो. म्हणून दाखल होण्याआधीच विचारावं, मला सांगितलेला हाच उपचार योजनेतून इथे होतो का. हा प्रश्न आधी न विचारल्याने दोन आठवडे घालवलेली माणसं मला उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांत मिळून बरीच भेटली.

आणि मग अंतर. नंदुरबारहून आलेल्या कुटुंबाला टाटाजवळ धर्मशाळा शोधावी लागते. ते परगावचेच असतात. बदलापूरचा माणूस मुंबईचाच समजला जातो. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर आहे. तीस बैठका म्हणजे तीस वेळा जाणं आणि तीस वेळा येणं, सोबतच्या माणसाच्या तीस रजा. रिकाम्या पोटी लोकल पकडणं, स्टिरॉइडने आलेल्या भुकेला दादरच्या पुलाखाली वडापाव. पावसाळ्यात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदी रुळांवर येते. २७ जुलै २०१९ ला तिथेच महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. अशा दिवशी बैठक चुकते. एखादी चुकली तर डॉक्टर ती पुढे भरून काढतात, पण चुकणं सवयीचं झालं तर गाठीला सावरायला वेळ मिळतो. गाडी बंद पडली तर विभागाला फोन करून कळवा, आणि दुसऱ्या दिवशी जा. ‘एक दिवस गेला, आता काय उपयोग’ म्हणून उपचार सोडलेलं एक उदाहरण मी अंबरनाथमध्येच पाहिलं, ते विसरता येत नाही.

जे होत नाही तेही

चौकट नसलेली पद्धत गाठ जास्त मारते, असं नाही. नीट निवडलेल्या रुग्णांत दोन्ही पद्धतींचे परिणाम तोडीस तोड येतात. चेहऱ्यात वीज सळसळल्यासारखी कळ येणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियात एका बारीक नसेवर फार मोठा डोस एकाच वेळी द्यायचा असतो. तिथे अनेक डॉक्टर आजही चौकटच पसंत करतात आणि त्यांचं कारण योग्य आहे. तेव्हा एखाद्याला चौकट सांगितली तर ते रुग्णालय जुनाट आहे असं समजू नये.

गाठ दुसऱ्या दिवशी नाहीशी होत नाही. साध्या गाठींच्या बाबतीत तर ती आहे तेवढीच राहिली, वाढली नाही, हेच यश असतं. पहिल्या एमआरआयला दोन-तीन महिने थांबावं लागतं. थकवा येतो, क्वचित त्या जागेचे केस जातात, आणि काहींना काही महिन्यांनी त्या जागी सूज येऊन पुन्हा स्टिरॉइड घ्यावं लागतं. डोकं दुखायचं थांबलं म्हणून फिटची गोळी किंवा स्टिरॉइड मनाने बंद करणं हे सगळ्यांत धोक्याचं. स्टिरॉइड पायरी पायरीनेच उतरवतात.

अंबरनाथचा नकाशा

लिनॅकची खोली म्हणजे ‘बंकर’. किरणांचा झोत थेट ज्या भिंतीवर पडतो ती सुमारे दोन मीटर जाडीची काँक्रीटची असते. आत शिरायची वाट वळणाची असते, म्हणजे किरण सरळ दारापर्यंत पोहोचत नाहीत. अणुऊर्जा नियामक मंडळाने नकाशा मंजूर केल्याशिवाय अशी खोली बांधता येत नाही. उभ्या इमारतीत नंतर बंकर घुसवणं म्हणजे पाया उकरणं. यंत्र दहा वर्षांनी घेता येईल, पण बंकरची जागा पहिल्या दिवशी नकाशात असावी लागते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत अंबरनाथचं महाविद्यालय होतं. १०० विद्यार्थी आणि त्याला जोडून ४३० खाटांचं रुग्णालय, असा मूळ निर्णय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, शिवाय मुरबाड आणि कर्जतच्या बाजूची खेडी यांना हे पहिलं मोठं शासकीय शिक्षण-रुग्णालय आपल्या दारात मिळतं आहे. रेडिओसर्जरी उद्याच इथे सुरू करा, असं मी म्हणत नाही. तिला फिजिसिस्ट लागतात, कडा आखणारे अनुभवी डॉक्टर लागतात, सकाळी गोळा लावणारी शिस्त लागते आणि ती बसायला वर्षं लागतात. अवघड गाठींनी परळ-खारघरला जाणंच योग्य. पण तीस बैठकांचा साधा, नीट आखलेला उपचार कल्याणच्या अलीकडे शासकीय दरात मिळायला हवा, आणि त्याची सुरुवात दोन मीटर जाडीच्या भिंतीने होते.

म्हणून या तिन्ही शहरांतल्या वाचकांना एक विनंती आहे. तुमचे नगरसेवक, आमदार, खासदार दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला येतील, त्यांना विचारा: अंबरनाथच्या रुग्णालयाच्या नकाशात किरणोपचाराचा बंकर आहे का? असेल तर कुठल्या बाजूला, ते नकाशावर दाखवा म्हणावं. नसेल तर काँक्रीट ओतण्याआधी तो घालायला सांगा.